रात्रीचे वाहन चालवणे: दिवे, वेग आणि काच

जास्त प्रखर दिवे बसवले की रात्रीचा प्रवास सुरक्षित होतो, हे मत मला अपुरे वाटते. ताशी ८० किमी वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंतचा दीड सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावरही ती पूर्ण थांबायला ६५ ते ७० मीटर लागतात, आणि लो बीमच्या (खाली झुकवलेल्या, जवळचा रस्ता दाखवणाऱ्या दिव्यांच्या) उजेडात गडद कपड्यांतला पादचारी बहुतेक वेळा त्याहून कमी अंतरावरच दिसतो. म्हणजे प्रश्न दिव्यांइतकाच वेगाचाही आहे.

समोरून हाय बीम (दूरवर जाणारा प्रखर झोत) डोळ्यांवर आल्यास दिव्याकडे न पाहता आपल्या बाजूच्या कडेच्या पट्टीवर नजर ठेवावी. पुढच्या काचेची आतली बाजू मात्र हमखास विसरली जाते (मीही कित्येक वर्षे ती बाहेरूनच पुसत होतो). तिथे साचलेला पातळ, तेलकट थर दिवसा जाणवत नाही, पण रात्री समोरचा उजेड त्यावर पसरून अख्खी काच दुधाळ होते.

झोप येत असल्यास खिडकी उघडणे किंवा गाणी मोठ्याने लावणे यांवर विसंबू नये; सुरक्षित जागी थांबून १५-२० मिनिटे डुलकी घ्यावी, आणि कॉफी प्यायची असल्यास ती डुलकीआधी प्यावी, कारण तिचा परिणाम जाणवायला साधारण तेवढाच वेळ लागतो.