आजीच्या बटमोगऱ्याची छाटकलमे उन्हाळ्यात का मरतात?

जिंतूरकर, परभणी (१९ मे)

जिंतूर तालुक्यातील आमच्या गावच्या घरी विहिरीच्या कठड्याला लागून एक बटमोगरा आहे. आजीने तो ४० वर्षांपूर्वी लावला. आजी आता नाही, आणि घराचा व्यवहार झालेला असल्यामुळे दिवाळीनंतर नवे मालक ते पाडून तिथे स्लॅबचे घर बांधणार आहेत. कठडाही राहणार नाही. या मोगऱ्याला बी धरलेले आम्ही कधी पाहिले नाही, त्यामुळे तो टिकवायचा तर फांदीपासूनच रोप करावे लागेल. रोपवाटिकेतून दुसरा मोगरा आणता येईल हे मला ठाऊक आहे, पण मला हाच हवा आहे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी १२ काड्या आणल्या. कोकोपीट आणि शेणखत निम्मे निम्मे घेऊन त्या गच्चीवरच्या कुंड्यांत लावल्या, रोज सकाळ-संध्याकाळ पाणी दिले, तरी पाच दिवसांत सगळ्या वाळल्या. मग महिन्याच्या अखेरीस आणखी १२ आणल्या आणि त्या घरात, पूर्वेच्या खिडकीशी, कापलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांखाली ठेवल्या. या खेपेस दहाव्या दिवशी आठ काड्यांना मुगाएवढी पोपटी पाने फुटली. मी आईला फोन करून सांगितलेसुद्धा. विसाव्या दिवशी ती पाने खाली माना टाकून पडली. एक काडी उपटून पाहिली, तर तळाचा दोन बोटे भाग काळा पडला होता, आणि चिमटीत धरताच त्याची साल मोज्यासारखी निसटून हातात आली. आत पांढरी, गुळगुळीत काटकी होती आणि मुळीचा मागमूसही नव्हता.

पाने फुटली म्हणजे काडी लागली असे मी समजत होते. माझे नेमके कुठे चुकले? जूनमध्ये पुन्हा प्रयत्न करण्याची इच्छा आहे, परंतु झाडावर चांगल्या फांद्या आता मोजक्याच उरल्या आहेत.

जुना रोपवाला, सासवड (१९ मे)

ताई, मी ३१ वर्षे रोपवाटिका चालवली. अंजीर, डाळिंब, गुलाब, मोगरा या सगळ्यांची कलमे केली. तुमच्या दोन्ही खेपा वेगवेगळ्या कारणांनी गेल्या आहेत.

पहिली खेप तहानेने गेली. झाडावरून कापलेल्या काडीला मुळी नसते, पण पानांतून पाणी उडून जाणे मात्र थांबत नाही. परभणीच्या एप्रिलमध्ये, तापलेल्या गच्चीवर, कोरड्या वाऱ्यात ती काडी जेवढे पाणी गमावते तेवढे तिचे कापलेले टोक ओढूच शकत नाही, मग तुम्ही कुंडीत दोनदा पाणी घाला की चारदा. कुंडीतले पाणी वाढवल्याने काडीची तहान भागत नाही. तिच्या भोवतालची हवा ओलसर ठेवल्याने भागते. शेणखतही नको होते, कारण ज्याला मुळी नाही त्याला खताचा उपयोग नसतो आणि ओल्या खतात कापलेले तोंड लवकर कुजते.

दुसऱ्या खेपेला बाटलीमुळे हवा ओलसर राहिली, म्हणून काड्या तगल्या, पण पानांनी तुम्हाला फसवले. उष्ण हवेत डोळा, म्हणजे पान फुटण्याचा कोंब, मुळीच्या आधी जागा होतो. काडीच्या पोटात साठवलेले अन्न तो डोळा खाऊन टाकतो, पोपटी पाने येतात, आपण हरखतो, आणि खाली मुळी तयार होण्याच्या वेळेला शिधा संपलेला असतो. आमच्याकडे नव्या मजुराला पहिली गोष्ट हीच सांगितली जाई की फुटवा पाहून काडीला पास करायचे नाही. काडीचे बूड उबदार आणि शेंडा गार हवा. आपल्या उन्हाळ्यात नेमके उलटे असते. वर हवा तापलेली असते आणि खाली ओल्या कोकोपीटमध्ये बूड गारठून कुजते.

तिसरे कारण तुमच्या लक्षात आलेले दिसत नाही. एप्रिल-मे हा मोगऱ्याच्या बहराचा काळ आहे. त्या दिवसांत झाडाचा सारा जीव कळीत असतो आणि कळी धरलेल्या फांदीच्या काडीला मुळ्या फार नाखुशीने येतात. आता झाडाला हात लावू नका. पहिले दोन-तीन चांगले पाऊस होऊ द्या, बहर ओसरला की नवी फूट येईल, आणि ती जरा जून होऊ लागली की काड्या घ्या.

काडी शिसपेन्सिलीहून थोडी बारीक, वाकवली तर लवचिक पण नखाने दाबली तर चेपणार नाही अशी पाहावी. ती सकाळी उन्हाच्या आत कापावी, तीन-चार पेरांची ठेवावी, आणि खालचा काप पेराच्या लगेच खाली घ्यावा, कारण मुळ्या बहुतेक तिथूनच सुटतात. वरच्या पेराची दोन पाने ठेवून प्रत्येकाचा अर्धा भाग कात्रीने कापून टाकावा. सगळी पाने काढून टाकण्याची चूक पुष्कळ लोक करतात. मुळी सुटण्यास मदत करणारे द्रव्य पानांत आणि कोवळ्या शेंड्यात तयार होऊन खाली उतरते, म्हणून थोडे पान राहिलेच पाहिजे. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसावा. माती म्हणून दोन भाग धुतलेली भरड वाळू आणि एक भाग कोकोपीट पुरे. मुठीत दाबल्यावर एखादा थेंब सुटेल एवढाच ओलावा हवा.

हे सगळे मी पोटतिडकीने लिहितो, कारण घरचे जुने झाड असे एकदा गेले की बाजारात मिळत नाही.

रत्नागिरीचा माळी, रत्नागिरी (२० मे)

सासवडच्या काकांनी सांगितलेले योग्यच आहे, पण एकच झाड उरले असेल आणि मुदत दिवाळीची असेल, तर सगळी भिस्त छाटकलमावर ठेवू नये असे मला वाटते. मोगऱ्यासाठी दाब कलम सर्वांत सुरक्षित आहे. त्यात फांदी आईपासून तोडायचीच नसते. मुळ्या सुटेपर्यंत झाड तिला पाणी आणि अन्न पुरवत राहते, त्यामुळे तहानेचा प्रश्नच मिटतो.

मोगऱ्याच्या खालच्या फांद्या जमिनीकडे झुकलेल्या असतात, त्यातली वर्षभराची एक निवडा. शेंड्यापासून वीतभर अंतरावर, पेराच्या खालच्या बाजूला, चाकूने तिरका, बोटाच्या एका पेराएवढा लांब आणि फांदीच्या निम्म्या जाडीपर्यंत जाणारा काप द्या. तो पुन्हा मिटू नये म्हणून त्यात काड्यापेटीतील काडीचा तुकडा अडकवा. मग तो भाग मातीत चार बोटे खोल दाबा, वर दगड ठेवा, आणि शेंडा काठीला बांधून उभा करा. दगडाचा आणखी एक फायदा असा की त्याखालची ओल चटकन उडत नाही. जूनच्या अखेरीस दाबलेली फांदी साधारण तीन महिन्यांनी, म्हणजे नवरात्राच्या सुमारास वेगळी करता येते. एकदम तोडू नका. आधी आईच्या बाजूने निम्मी कापा, आठ-दहा दिवस तशीच ठेवा, मग पूर्ण कापा.

वर गेलेल्या फांद्यांना गुटी बांधता येईल. दोन सेंटीमीटर रुंदीची साल गोलाकार काढायची, आतला बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने खरवडून टाकायचा, कारण तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळी येत नाही, आणि त्यावर भिजवून पिळलेले शेवाळ ठेवून प्लास्टिकने दोन्ही टोके घट्ट बांधायची.

आमच्या कोकणात अडचण तुमच्या उलट असते. जुलैत हवेत इतकी ओल असते की काडी वाळत नाही, पण झाकण घातले तर कुजतेच. म्हणून मी बाटली कधी वापरत नाही. वळचणीपासून दूर, भिंतीच्या आडोशाला वाळूचा वाफा पुरतो.

डोंबिवलीची सुनीता (२० मे)

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मध, हळद किंवा नारळपाण्यात काडी बुडवून लावावी असे सगळीकडे सांगितले जाते. मी तीन पावसाळ्यांत मोगऱ्याच्या काड्या निम्म्या मधात बुडवून आणि निम्म्या नुसत्याच लावल्या, मला काहीच फरक दिसला नाही. मग रूटिंग पावडर तरी खरोखर उपयोगी पडते का? आणि पेल्यात पाण्यात ठेवलेल्या काड्यांना माझ्याकडे मुळ्या आल्या, पण कुंडीत लावताच त्या गेल्या, हे कशामुळे झाले असावे?

जुना रोपवाला, सासवड (२१ मे)

सुनीताताई, तुमचे निरीक्षण बरोबर आहे. मध आणि हळद फार तर कापावरची बुरशी थोडी आवरतील; त्यांनी मुळी सुटत नाही. पावडरीत इंडोल ब्युटिरिक आम्ल असते, आणि ते झाडाच्या स्वतःच्या मुळीकारक द्रव्याशी मिळतेजुळते असल्यामुळे त्याचा उपयोग खरोखर होतो. मात्र काडीचे बूड पावडरीत टेकवून झटकून टाकावे. जाड थर दिला तर बूड काळे पडते. काडी मातीत खुपसू नका, कारण पावडर वरच्या वर पुसली जाते. आधी खिळ्याने भोक पाडा.

पाण्यात आलेली मुळी ठिसूळ असते आणि तिला मातीच्या कणांना धरून पाणी ओढण्याची सवय नसते. ती नखाएवढी असतानाच कुंडीत लावून पुढचे आठ दिवस झाकून ठेवली तर जगते. बोटभर वाढू दिली तर बहुधा मोडते.

आणखी एक सांगून ठेवतो. कलम म्हणजे तेच झाड, गुणांसकट आणि रोगासकट. सोलापूर, सांगोल्याकडे डाळिंबाचा तेल्या रोग बागेबागेत पोहोचण्यास रोगट झाडांवर बांधलेल्या गुट्याही कारण झाल्या. म्हणून जिंतूरच्या ताईंनी फांदी निवडताना पानावर डाग, करपा किंवा पिठ्या ढेकूण नाही ना, हे उलटून पाहावे.

संत्रानगरी, नागपूर (२३ मे)

परभणीसारखेच कोरडे ऊन आमच्याकडे असते, म्हणून माझी पद्धत सांगतो. मोठ्या मातीच्या कुंडीच्या मधोमध एक लहान, न रंगवलेली मातीची कुंडी ठेवायची, तिचे तळाचे भोक मेणाने बंद करायचे आणि तीत पाणी भरायचे. भोवतीच्या वाळूत काड्या लावायच्या. लहान कुंडीच्या भिंतीतून पाणी झिरपत राहते, त्यामुळे वाळू सारखी दमट राहते पण चिखल होत नाही, आणि माठातले पाणी जसे गार होते तशी ती कुंडीही बाहेरून चार अंश तरी गार वाटते. वरून झिरझिरीत प्लास्टिक काड्यांच्या कमानीवर सोडायचे आणि कुंडी दिवसभर सावलीत ठेवायची. उन्हातली झाकलेली कुंडी म्हणजे प्रेशर कुकर होतो.

उन्हाळ्यातच लावणे भाग असेल तर ज्या खोलीत कूलर चालतो त्या खोलीच्या कोपऱ्यात कुंडी ठेवावी. तिथली हवा ओलसर असते. मात्र झोताच्या समोर ठेवू नये.

जिंतूरकर, परभणी (१४ ऑक्टोबर)

सर्वांना कळवण्यास उशीर झाला, परंतु हाती काही लागल्याशिवाय लिहू नये असे ठरवले होते.

२८ जूनला गावी जाऊन तीन फांद्या दाबल्या आणि दोन गुट्या बांधल्या. शेजारच्या काकूंनी पावसाने ओढ दिली तेव्हा विहिरीचे पाणी घातले. २ ऑगस्टला दहा काड्या घेऊन नागपूरच्या पद्धतीने दोन कुंड्यांत लावल्या. या वेळी नवव्या दिवशी डोळे फुटू लागले तेव्हा मी आईला काहीच सांगितले नाही. काकांच्या शब्दांवर विसंबून एकही काडी हलवून पाहिली नाही. पाचव्या आठवड्यात कुंडी तिरपी केली, तर तळाच्या भोकातून दोऱ्यासारखी पांढरी मुळी बाहेर आलेली दिसली.

दहापैकी चार काड्या लागल्या. गुट्यांपैकी एकीवरचे प्लास्टिक खारीने फाडले आणि शेवाळ वाळून गेले. दुसरीत मुळ्या आहेत, पण अजून पिवळट आणि थोड्या. दाबलेल्या तिन्ही फांद्यांवरचे दगड परवा उचलले. तिसऱ्या दगडाखाली माती बोटांनी उकरताना मुळ्यांची जाळी हाताला लागली, आणि काड्यापेटीची काडी अजून कापातच होती. तिन्ही फांद्या निम्म्या कापून ठेवल्या आहेत. रत्नागिरीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे पुढच्या आठवड्यात त्या पूर्ण वेगळ्या करेन. त्यातील एक रोप घर घेणाऱ्यांना द्यायचे आहे. त्यांच्या सुनेने विहीर बुजवल्यावर त्याच जागी लावायला मागितले आहे.

हिवाळ्यात मोगऱ्याची छाटणी करून पाणी तोडतात, ते या रोपांना पहिल्याच वर्षी करावे की नाही, एवढे कृपया सांगावे.

जुना रोपवाला, सासवड (१४ ऑक्टोबर)

पहिल्या वर्षी करू नका, ताई. पाणी चालू ठेवा, जानेवारीत फक्त शेंडे खुडा, आणि उन्हाळ्यात येतील त्या पहिल्या कळ्या काढून टाका. जड वाटेल, पण त्या वर्षी रोपाला मुळी धरू द्यावी. दुसऱ्या वर्षापासून डिसेंबरअखेर पाणी तोडा, पाने गळली की गुडघ्याएवढ्या उंचीवर छाटा, मग शेणखत घालून पाणी सुरू करा.