रफचे तीन प्रकारचे नर
‘मारामारीत हरलेले नरच मादी मिळवायला चोरवाट धरतात’ असं बरेचदा म्हटलं जातं. बऱ्याच प्राण्यांत ते खरंही आहे. पण रफ या पाणथळीतल्या पक्ष्यात नराची तऱ्हा जन्मतःच ठरलेली असते. युरोप-सायबेरियात माद्यांना भुलवायला नर जिथे जमतात त्या आखाड्यात, मानेभोवती गडद पिसांची आयाळ असलेले नर वीतभर जागेसाठी भांडतात. पांढऱ्या आयाळीचे नर भांडणात पडतच नाहीत. जागामालकाशेजारी मान खाली घालून बसतात आणि मादी आली की संधी साधतात. तिसरे हुबेहूब मादीसारखे, शंभरात जेमतेम एक. ते २००६ साली कुठे उजेडात आले! वृषणं मात्र त्यांचीच सगळ्यात मोठी.

सुमारे ३८ लाख वर्षांपूर्वी रफच्या एका गुणसूत्राचा तुकडा उलटा बसला. त्यात शंभरेक जनुकं अडकली, म्हणून रूप, वागणूक, संप्रेरकं असं अख्खं गाठोडंच वारशात मिळतं. आईबाप दोघांकडूनही उलटा तुकडा आला तर मात्र पिल्लू जगत नाही.

हिवाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला रफ दिसतात, पण तेव्हा आयाळ झडलेली असते. दुर्बीण लावून कितीदा बसलोय, कोण कुठला नर काही पत्ता लागत नाही.