अनुभव सांगा: गाड्यांच्या मारामारीचे जुने गेम परत आलेत, आता मजा येते की शिळे वाटतात?

घिरट्या
परवा धाकटा भाऊ आला होता, पीएस ५ (प्लेस्टेशन) वर प्लस या वर्गणीतला जुन्या गेमचा कॅटलॉग चाळता चाळता त्याला ट्विस्टेड मेटल २ दिसला आणि मग जेवणखाण बाजूला. १९९६ चा गेम. सुरुवातीला खरंच डोळे चोळले मी, गाड्या म्हणजे नुसते कोपरेच कोपरे, लांबची इमारत धुक्यातून एकदम समोर उगवते, आणि गॅस अंगठ्याखालच्या बटणावर, कारण तेव्हाच्या पॅडला अंगठ्याने फिरवायच्या काड्याच नव्हत्या. बोट आपोआप ट्रिगरकडे जातं आणि गॅसऐवजी गोळ्या सुटतात. मला वाटलं संपलं, हा आता फक्त आठवणीतच चांगला. पण पॅरिसचा नकाशा लागला, भावाने आयफेल टॉवर उडवला, तो आडवा पडून त्याचा छपरांवर जायचा पूल झाला आणि आम्ही दोघं ओरडलो. त्यानंतर ग्राफिक्सबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. परत आलेला असा कुठलाही गेम, जसाच्या तसा असो, नव्याने बनवलेला असो की पुढचा भाग असो, तुम्हाला खेळताना काय वाटलं ते लिहा. नुसतं भारी किंवा बकवास नको, नक्की काय खटकलं आणि काय टिकलंय ते सांगा.

टकटक
लेफ्ट राइट अप!!! फ्रीझ!!! (ट्विस्टेड मेटल २ मध्ये ही बटणं ओळीने दाबली की समोरची गाडी गोठते) मेंदू विसरला असेल पण अंगठा नाही विसरलेला. बसमध्ये आहे, घरी जाऊन सविस्तर लिहितो

वाटसरू
व्हिजिलांटे ८. आमच्याकडे एन ६४ (निन्टेन्डोचं जुनं मशीन) वाली होती म्हणजे चौघं एका टीव्हीवर, प्रत्येकाला स्क्रीनचा एक कोपरा, आणि दुसऱ्याच्या कोपऱ्यात बघायचं नाही असा नियम जो कोणीच पाळायचं नाही. गोष्ट पण वेगळीच, १९७० च्या दशकातली तेलटंचाई, सगळ्या गाड्या त्या काळातल्या, स्कूल बससुद्धा. २००८ मध्ये एक्सबॉक्स लाइव्हवर आर्केड म्हणून परत आली तेव्हा लगेच घेतली. चित्र स्वच्छ होतं, गाड्या चकचकीत होत्या, पण गाडीचं वजन मला कुठेतरी हरवल्यासारखं वाटलं. जुन्यात धडक बसली की धडक बसली असं वाटायचं. माझ्यापुरतं सांगतो, शिळं चित्र चालतं, गाडीच हलकी झाली तर नाही चालत.

निळी_चिमणी
मी इथे थोडी उपरी आहे कारण लहानपणी यातलं काहीच खेळले नाही. २०२३ ची ट्विस्टेड मेटल मालिका बघितली, त्यातला तो विदूषक (शरीर समोआ जो या पैलवानाचं आणि आवाज विल आर्नेटचा, दोन माणसं मिळून एक पात्र, मला फार आवडलं ते) आणि त्यामुळे गेमकडे वळले. म्हणजे माझ्याकडे आठवणींचा चष्मा नाही. खरं सांगते, पहिला भाग मला झेपला नाही. कॅमेरा गाडीच्या मागे असा घट्ट चिकटलेला की शत्रू पाठीमागून मारतोय हे कळतं पण कुठून ते नाही, आणि थोड्या वेळाने डोकं गरगरायला लागलं. दुसरा भाग मात्र आवडला. पीएस ५ वर रिवाइंड आहे ना जुन्या गेमना, गाडी कोपऱ्यात अडकली की मागे घ्यायचं. कोणी म्हणेल ही चीटिंग, पण नव्या माणसाला आत शिरायला तेवढी फट हवीच असते.

घिरट्या
@निळी_चिमणी ताई उपऱ्या कसल्या, तुमचाच अनुभव सगळ्यात कामाचा आहे, आम्ही सगळे आधीपासून प्रेमात. गरगरण्यावर एक करून बघा, खोलीत दिवा लावून आणि टीव्हीपासून लांब बसून. माझ्या बायकोला त्याने बराच फरक पडला.

चक्रधारी
हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं समजतो. मोठं लिहिणार आहे, माफ करा.

माझं म्हणणं असं की या गेममधले कंट्रोल शिळे झालेत, आखाडा शिळा झालेला नाही. ट्विस्टेड मेटलची क्षेपणास्त्रंच बघा. होमिंग स्वतः शोधत जातं पण मार कमी. पॉवर सरळ नाकासमोर जातं, मार जबरदस्त, पण नेम तुमचा तुम्ही धरायचा. फायर या दोघांच्या मधलं. बस्स, एवढ्यात सगळं शिकवून झालं. नवशिक्याला होमिंग, कसलेल्याला पॉवर, दोघं एकाच सामन्यात बसू शकतात आणि दोघांनाही काहीतरी करता येतं. वर गाड्यांचा हिशोब, चपळ गाडी दोन फटक्यांत जाणार आणि जाडजूड गाडी वळताना मार खाणार. हे १९९५ ला चाललं आणि आजही चालतं कारण यात जुनं होण्यासारखं काही नाहीच.

आता उलट बाजू. तिसऱ्या भागात बनवणारे बदलले, नवीन फिजिक्स आणलं आणि गाड्या जरा धक्का लागला की उलट्या व्हायच्या. तो १९९८ चा म्हणजे दुसऱ्यापेक्षा नवा, तरी आज खेळताना मला तोच जास्त शिळा वाटतो. ट्विस्टेड मेटल ब्लॅक (२००१) २०१५ मध्ये पीएस ४ वर आला तेव्हा परत पूर्ण केला, अंधारा, वेगवान, अजूनही तोडीस तोड नाही. आणि २०१२ चा पीएस ३ वाला खरं पुनरागमन होतं, मूळ माणसांपैकी डेव्हिड जॅफे त्यात होता, ऑनलाइन सोळा जण, चौघांची स्प्लिट स्क्रीन (एकाच टीव्हीचे चार भाग). मला तो मनापासून आवडायचा, हेलिकॉप्टरसकट. पण ऑनलाइनवर एवढा भर दिला की पुढे सर्व्हर बंद झाले आणि अर्धा गेमच गेला. १९९६ चा गेम आजही पूर्ण खेळता येतो आणि २०१२ चा येत नाही, मग जुना कोणाला म्हणायचं?

मध्यरात्र
चक्रधारी दादा शेवटच्या ओळीला उभं राहून टाळ्या. २०१२ वाल्यात आमचा रात्रीचा ग्रुप होता, एकमेकांचे चेहरे पाहिलेले नाहीत पण कोण कुठल्या छपरावर दबा धरून बसतो ते पाठ. सर्व्हर गेले आणि माणसं पण पांगली. फार वाईट वाटलं होतं.

पाऊलखुणा
मध्यरात्र, समजू शकते. माझं असंच झालंय पण वेगळ्या गेममध्ये, लिहीन कधीतरी.

खडखडाट
कार्मागेडन कोणी काढला नाही अजून?? १९९७. शर्यत जिंकायचे तीन रस्ते, फेऱ्या पूर्ण करा किंवा सगळ्या गाड्यांचा चुराडा करा किंवा नकाशावरचा प्रत्येक पादचारी संपवा. ब्रिटनमध्ये सेन्सॉरने अडवला म्हणून आधी माणसांच्या जागी हिरव्या रक्ताचे झोंबी घालून विकला, जर्मनीत तर रोबो. आम्ही तो आईवडील बाहेर गेल्यावरच लावायचो. मूळ कंपनीने हक्क परत मिळवून किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे गोळा केले आणि २०१५ ला रीइनकार्नेशन आणला. माझ्या कॉम्प्युटरवर तो एवढा अडखळायचा की गाडी चालवतोय की फोटो बघतोय कळेना. वर्षभराने मॅक्स डॅमेज आला तो बरा चालला. आणि तेव्हा जाणवलं की धडकेनंतर गाडी वाकते, चेपते, अर्धी तुटून तशीच पळते, ती मजा शाबूत आहे. धक्का बसायचा भाग मात्र गेला, लहानपणी वर्ज्य होतं म्हणून थरार होता, आता मला कोण अडवणार.

साधी_बॅटरी
रोड रॅश चालेल का इथे? बाइक आहे म्हणून विचारते

घिरट्या
चालेल की! साखळी फिरवून शेजारच्याला पाडायचं म्हणजे मारामारीच झाली.

खडखडाट
नाही हो, रोड रॅश शर्यत आहे आधी. मारामारी तोंडी लावायला. १९९१ पासून.

साधी_बॅटरी
अहो मी शर्यत कधी पूर्णच करायचे नाही, पोलिस आणि बाकीच्यांशी भांडण्यातच सगळा वेळ 😄 दादाने शेवटी दुसरा कीबोर्ड आणून दिला

दूरदर्शी
इंटरस्टेट ७६ (१९९७) ला विसरू नका, मेकवॉरियर २ या यंत्रमानवांच्या लढाईच्या गेमच्या इंजिनवर बनवलेला, म्हणजे गाड्यांच्या अंगात यंत्रमानवांची हाडं. त्यात टॉरस नावाचा सोबती आहे आणि एक बटण दाबलं की तो रेडिओवर कविता म्हणतो. मधेच, लढाई चालू असताना. दुसऱ्या कुठल्या गेमने असं केलेलं मला माहीत नाही आणि का केलं नाही तेही कळत नाही. आजच्या वेगवान मशीनवर मात्र त्याचं फिजिक्स बिघडतं कारण ते फ्रेमरेटला (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याला) बांधलेलं आहे, फ्रेमरेट खाली बांधून ठेवला की गाडी परत नीट उडी मारते. खटपट आहे थोडी. कवितेसाठी करा.

टकटक
घरी आलो. वर सगळं लिहून झालंय लोकांचं. मी फक्त एवढंच सांगतो की मुलीबरोबर खेळलो, ती नऊ वर्षांची आहे, ती म्हणाली बाबा यात आधी काय करायचं ते सांगत का नाहीत. मी म्हटलं समोर दिसेल त्याला मार. तिने मारलं. मला. आणि हसत सुटली. नव्या गेममध्ये तिचा अर्धा वेळ बक्षिसांच्या पेट्या उघडण्यात जातो, इथे थेट आखाड्यात, हे मला फार मोलाचं वाटलं.

चक्रधारी
@टकटक वा! तिला त्या विदूषकाची आइस्क्रीमची गाडी द्या.

टकटक
तीच घेतली तिने, सांगावं लागलं नाही 🙂

पाऊलखुणा
लिहिते म्हटलं होतं. मारिओ कार्ट. हसू नका, फुगे फोडायची बॅटल म्हणजे गाड्यांची मारामारीच आहे. निन्टेन्डोच्या वी यू मशीनवरच्या मारिओ कार्ट ८ मध्ये बॅटलसाठी वेगळे आखाडेच दिले नव्हते, शर्यतीच्या लांबलचक रस्त्यांवर एकमेकांना शोधत फिरायचं, आम्ही मैत्रिणी कंटाळून खेळायच्या थांबलो आणि तो नेहमीचा गप्पांचा वार पण बंद पडला. २०१७ मध्ये त्यांच्याच स्विच मशीनवर ८ डिलक्स आला त्यात आखाडे परत दिले आणि त्यानिमित्ताने आम्ही परत जमायला लागलो. तर माझं उत्तर हे की जागा लहान हवी, सगळे एकमेकांच्या अंगावर यायला हवेत. नव्या लोकांना मोठे नकाशे करायची फार हौस असते. बाळ उठलं, जाते.

दूरदर्शी
अगदी अगदी. डिस्ट्रक्शन ऑलस्टार्स (२०२१) बघा, दिसायला देखणा, गाडीतून उतरून पळता पण येतं, मला तर तिथेच लय तुटल्यासारखी वाटायची. गाडीच्या गेममध्ये मला गाडीतच बसू द्या.

वाटसरू
आणि रॉकेट लीगवाले? त्या कंपनीने आधी अनरियल टूर्नामेंट २००४ च्या वाहनांवर काम केलं होतं, मग २००८ ला भल्यामोठ्या नावाचा रॉकेट गाड्यांचा गेम, आणि २०१५ ला रॉकेट लीग. म्हणजे मला तर वाटतं हा प्रकार मेला नाही, फक्त बंदूक काढून चेंडू दिला.

मध्यरात्र
चेंडू ठीक आहे हो पण मला क्षेपणास्त्रच हवं. नव्या ट्विस्टेड मेटलचं काम २०२४ मध्ये थांबवल्याच्या बातम्या आल्या तेव्हापासून मी जुनेच जपून ठेवतोय. घिरट्या, एक विचारायचं होतं, भाऊ परत गेला की तुम्ही दोघं कसं खेळता? त्यात ऑनलाइन नाही ना.

घिरट्या
नाहीच खेळत आहोत सध्या. तोच प्रश्न आहे.

चक्रधारी
प्लेस्टेशनचं शेअर प्ले करून बघा. तुमच्या मशीनवर गेम चालू ठेवायचा, त्याला दुसरा कंट्रोलर द्यायचा, तो तिकडून स्प्लिट स्क्रीनमध्ये येतो. त्याच्याकडे गेम असायची गरज नाही. एका वेळेला तासभर चालतं, मग परत चालू करायचं. थोडा उशीर जाणवेल त्याला, म्हणून त्याला होमिंगवाली शस्त्रं उचलू द्या, नेम धरायची भानगड नको. आणि पॅडच्या सेटिंगमध्ये जाऊन गॅसचं बटण ट्रिगरवर टाका, पीएस ५ मध्ये बटणं बदलता येतात.

घिरट्या
बटणं बदलता येतात हे सुचलंच नव्हतं! आज रात्रीच लावतो. भावाला मेसेज टाकला, तो म्हणतोय त्याला मिस्टर ग्रिम हवाय.

मध्यरात्र
ग्रिम म्हणजे तो मोटरसायकलवाला, कागदाची गाडी, दोन फटक्यांत जाईल तो

चक्रधारी
पण त्याचा एक स्पेशल (त्याचं खास हत्यार) नीट बसला तर घिरट्या गेले. लांब राहा त्याच्यापासून.