मुंबई विद्यापीठ: आधी परीक्षा, मग संशोधन

'मुंबई विद्यापीठ १८५७ पासून संशोधनाचं माहेरघर' असं म्हणणं जरा ओढूनताणून वाटतं. स्थापना १८५७ची खरी, पण नमुना होता तेव्हाच्या लंडन विद्यापीठाचा. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठानं परीक्षा घ्यायच्या नि पदव्या द्यायच्या. १८६२च्या पहिल्या पदवीधरांत न्या. रानडे आणि रा. गो. भांडारकर होते. भांडारकरांनी पुढे संशोधनाचा डोंगर उभा केला, पण त्यामागे विद्यापीठाचा स्वतःचा विभाग वगैरे काही नव्हता.

माझ्या मते खरी कलाटणी १९१९ची. समाजशास्त्र विभाग निघाला, प्रमुख पॅट्रिक गेडिस. मूळचा जीवशास्त्राचा माणूस, ओढा नगररचनेकडे! १९२४ पासून समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये आले आणि त्यांच्या हाताखाली इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास तयार झाले. १९३३मध्ये यूडीसीटी (विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग) सुरू झाली, कापड आणि रसायन उद्योगाच्या गरजेतून. (तीच आताची आयसीटी, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, २००८ पासून स्वतंत्र.)

संलग्न कॉलेजांच्या परीक्षांचा गाडा मात्र अजून ओढावाच लागतो, आणि निकाल लांबले की प्राध्यापकांचं संशोधन बाजूला पडून उत्तरपत्रिका पुढ्यात येतात.