मदत हवी आहे: दुर्गाबाई भागवतांवर मंडप, क्रिटमध्ये (डिझाइन तपासणीत) शेरा 'फार शब्दशः'

शीटवाली

नमस्कार मंडळी. आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाचं डिझाइन आहे. विषय: एका व्यक्तीचं व्यक्तिमत्त्व जागेतून कळेल असा मंडप. प्लॉट काल्पनिक, फोर्टात हॉर्निमन सर्कलजवळ, १२ मी. × १२ मी., रस्ता पूर्वेला, उंची जास्तीत जास्त ९ मी. आत पुतळा, फोटो, मजकूर यातलं काहीच चालणार नाही. मी दुर्गाबाई भागवत घेतल्या आहेत.

सध्या छत उघड्या पुस्तकासारखं आहे. त्या टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या वाचनालयात बसत म्हणून टाउन हॉलसारख्या ३० पायऱ्या घेतल्या आहेत. त्यांना विणकाम-भरतकामाची आवड होती, म्हणून दर्शनी बाजूला विणीच्या नमुन्याची लेझर कट जाळी. शेरा मिळाला: 'फार शब्दशः, हे प्रदर्शनाचं गेट वाटतंय.' ज्युरीला (अंतिम परीक्षणाला) दहा दिवस आहेत. पुस्तक काढलं तर उरतं काय, हेच कळत नाहीये. मॉडेल १:५० मध्ये मागितलंय.

कोनमापक

पुस्तकाचं छत आजच काढा. ते कोणाही लेखकाला चालेल, इथेच ते बाद होतं.

तुमच्या कॉन्सेप्ट शीटवर 'विद्वान, निर्भीड, स्पष्टवक्त्या' असे शब्द असणार. विशेषणांना माप नसतं, क्रियांना असतं. बाई काय करत, ते लिहा: तासन्‌तास एकटीनं वाचणं, टिपणं काढणं, हातानं विणणं, हजारोंसमोर उभं राहून नको ते बोलणं. प्रत्येक क्रियेपुढे चारच रकाने: शरीर कसं आहे (बसलेलं, वाकलेलं, उभं), उजेड कुठून येतो, आवाज किती, दुसरं माणूस किती अंतरावर. एवढं भरलं की सेक्शनची (इमारत उभी कापून दाखवणाऱ्या चित्राची) निम्मी मापं हातात येतात. खुर्चीवर बसलेल्या बाईची नजर जमिनीपासून साधारण १.१५ मी., उभीची १.४५ ते १.५ मी. खिडकीची सिल (खालची कड) याच आकड्यांवरून ठरते, पॅटर्नवरून ठरत नाही.

दुसरं, दोन टोकं शोधा. १९७५ चं कऱ्हाडचं साहित्य संमेलन, आणीबाणी चालू, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण मंचावर, आणि अध्यक्षा दुर्गाबाई आणीबाणीविरुद्ध बोलतात. पुढे १९७६ मध्ये त्यांना अटक झाली ती एशियाटिकच्या वाचनालयात. म्हणजे एक टोक गर्दीचं, दुसरं शांत टेबलाचं, आणि सरकार येऊन पोचलं ते टेबलापाशी. वाचायची जागा आणि बोलायची जागा यांच्यात किती अंतर ठेवता, हाच तुमचा प्रोजेक्ट. बाकी सगळं फिनिशिंग.

चुनखडी

पायऱ्यांचं गणित कोणी केलंय का? रायझर (एका पायरीची उंची) १५० मिमी धरला तर ३० पायऱ्या म्हणजे ४.५ मी. उंची. ट्रेड (पाय ठेवायची खोली) ३०० धरला तर २८ ट्रेडचे ८.४ मी., मध्ये १.२ मी.चं लँडिंग, म्हणजे थांबायची सपाट जागा (सलग ३० कोणी देऊ देणार नाही), झाले ९.६ मी. १२ मी.च्या प्लॉटवर उरले २.४. त्यात मंडप नाही, पानाची टपरी बसते.

शिवाय त्या पायऱ्या टाउन हॉलच्या आहेत. इमारत १८३३ ची, बाईंचा जन्म १९१० चा. त्या पायऱ्यांमधलं घ्यायचंच असेल तर एकच घ्या: लोक तिथे नुसते चढत नाहीत, बसतात. १५० च्या तीन पायऱ्या म्हणजे ४५० ची एक बैठक, आणि तीन ट्रेड म्हणजे ९०० खोली. चढायची आणि बसायची पायरी एकाच मापपट्टीत बसते.

शीटवाली

हे भारी आहे! मग असं करू का: वाचनाची खोली +१.३५ मी.वर. रस्त्यापासून ९ रायझर, म्हणजेच ३ बैठका. वरून बाई बोलणार, लोक पायऱ्यांवर बसून ऐकणार.

चुनखडी

ऐकणाऱ्यांची पाठ कुठे होईल ते काढून बघा. उतरत्या पायरीवर माणूस उताराकडे तोंड करून बसतं. तुमचे सगळे श्रोते रस्त्याकडे बघतायत, वक्ता मागे.

कोनमापक

उलटा करा, टेबल तळाशी आणि बैठका त्याच्याकडे उतरत्या. पण खड्डा खणू नका. फोर्टात १.३५ मी. खाली गेलात तर पहिल्याच जुलैत मंडपाचा हौद होईल, आणि ज्युरीतला एक तरी हे विचारतोच. बैठकांची कडा वर उचला.

पूर्व-पश्चिम सेक्शन असा: टेबलाची जमीन +०.४५. पूर्वेकडून बाहेरून १२ रायझर चढून कडा +१.८०, त्याचे ११ ट्रेड, ३.३ मी. कडेवर लँडिंग १.५ मी. तिथून आत ९ रायझर खाली, ८ ट्रेड, २.४ मी. बेरीज ७.२. पश्चिमेची भिंत ३०० सोडून टेबलासाठी ४.५ मी. मिळतात, आणि ते भरपूर आहेत.

चाकाच्या खुर्चीसाठी +०.४५ ला १:१२ उतारानं (१ उंचीला १२ लांबी) ५.४ मी.चा रॅम्प लागेल. तो १.२ मी. रुंदीचा, दक्षिण भिंतीला बाहेरून लावा. रस्त्याकडून १.५ मी. आत सुरू केला तर ६.९ वर संपतो, त्यापुढच्या लँडिंगवरून दार बरोबर टेबलासमोरच्या मोकळ्या पट्ट्यात उघडतं.

उभा छेद

उजेडाबद्दल कोणी बोललं नाही, आणि वाचणाऱ्या बाईचा मंडप आहे!

'उत्तरेचा उजेड घेतला' म्हणून थांबू नका. मुंबई १९° उत्तरेला. मे मध्यापासून जुलै अखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. २१ जूनला तो ८५° च्या वर असतो, तेव्हा लहान छज्जा पुरतो. त्रास सकाळ-संध्याकाळचा, सूर्य उत्तर भिंतीला घासून आत येतो. त्याला छज्जा उपयोगाचा नाही, उभ्या फिन (भिंतीतून बाहेर काढलेल्या अरुंद पट्ट्या) लागतात: ६०० अंतरावर ३०० खोल. जूनमध्ये ढग मदत करतात, मे महिन्यात करत नाहीत. दक्षिणेला खिडकी ठेवलीत तर २१ डिसेंबरला दुपारी सूर्य ४७.५° वर, १.२ मी. उंच खिडकी पूर्ण सावलीत ठेवायला छज्जा १.१ मी. बाहेर हवा. पुस्तकांच्या खोलीला तो खर्च कशाला?

नैऋत्येकडून पाऊस झोडपतो, म्हणून जाळी पश्चिमेला अजिबात नको. आणि जाळीचंच बोलायचं तर १:५० मध्ये ७५ मिमी भोक १.५ मिमी होतं. २ मिमी मिल बोर्डावर (जाड पुठ्ठ्यावर) लेझरनं दोन भोकांमधली पट्टी जळते किंवा हात लागताच तुटते. वीण म्हणजे नमुना नव्हे, एकच धागा टाक्यातून टाक्यात जातो. तसं काही भिंतीत हवं असेल तर कडेवरून बैठका, बैठकांवरून टेबल, टेबलावरून खिडकीचा कट्टा अशी एकच सलग लाकडी पट्टी फिरवा. जाळीपेक्षा जास्त विणकाम त्यात आहे.

शीटवाली

जाळी रद्द. संदर्भ म्हणून इटालियन वास्तुविशारद तेराग्नीचं दान्तेउम लावू का?

कोनमापक

१९३८ चं, न बांधलेलं. ते दान्तेच्या काव्याच्या रचनेवर आहे, माणसावर नाही, आणि लावलंत की तासभर त्यावरच बोलतील. त्यापेक्षा स्विस वास्तुविशारद त्सुमथोरचं ब्रुडर क्लाउस चॅपल बघा (२००७, जर्मनी). ज्याच्या नावाचं ते आहे तो संत एकांतवासी होता. १२ मी. उंच, ११२ झाडांच्या खोडांचा तंबू, त्याभोवती काँक्रीटचे २४ थर, मग आत तीन आठवडे धुमसती आग लावून खोडं जाळली. आत काळी, खरबरीत, वर आकाशाकडे उघडी पोकळी. चरित्र कुठे 'सांगितलेलं' नाही. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचं साबरमतीचं गांधी संग्रहालय (१९६३) पण बघा: ६ मी. × ६ मी. ची घटकं, कौलं, खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा. चरख्याच्या आकाराची इमारत करायचा मोह तिथेही झाला असता.

चुनखडी

मॉडेलचं. १:५० ला प्लॉट २४० मिमी, ४०० चा बेस पुरे, लोकलमध्ये हातात राहतो. बेसच्या मिल बोर्डला एकाच बाजूनं फेविकॉलनं कागद लावलात तर या दमट हवेत रात्रीत वाकतो. दोन्ही बाजूंना लावा आणि वजन ठेवून वाळवा. थर्माकोल किंवा फोम बोर्ड वापरत असाल तर फेविक्विक आणि स्प्रे पेंट लांब ठेवा, आतला फोम विरघळतो. सनबोर्डला (पीव्हीसी फोमच्या बोर्डला) चालतं.

त्याशिवाय टेबलाच्या भागाचा १:२० चा अर्धा कापलेला सेक्शन मॉडेल करा, खरं काम तोच करेल. बसलेल्या नजरेची उंची १:५० ला २३ मिमी, तिथे फोनची लेन्स पोचत नाही. १:२० ला ५७ मिमी होते. फोन उलटा धरा म्हणजे लेन्स खाली येते. टॉर्च बाहेरून उत्तरेच्या फिनजवळ धरून फोटो काढा.

शीटवाली

सगळ्यांचे आभार. सेक्शन आजच काढते. एकच अडलंय: टेबलाचं तोंड कुठे? उत्तरेच्या खिडकीकडे करावंसं वाटतंय.

उभा छेद

खिडकीकडे तोंड केलंत तर कागदावर चकाकी येते आणि श्रोते उजव्या हाताला जातात. पूर्वेकडे करा. उत्तर डावीकडे येते, लिहिणाऱ्या उजव्या हाताची सावली कागदावर पडत नाही.

कोनमापक

आणि पाठ पश्चिमेच्या भरीव भिंतीला. कडेवरून कोणीही आत शिरलं, वाचक असो की पोलीस, तर नऊ पायऱ्या उतरून तिच्यापर्यंत यावं लागतं, आणि तेवढा वेळ ती त्याच्याकडे बघत असते. भाषणासाठी जागा बदलायची गरज नाही, तिनं मान वर केली की पुरे. मंच, माइक स्टँड वगैरे काही काढू नका. टेबल ७५० उंच, कडेवर कठडा १ मी., तो भरीव नको, नाहीतर वरून टेबल दिसणार नाही.