मेल मर्जमध्ये तारीख उलटी येते, मदत हवी आहे

मी पुण्यात बारावी व्होकेशनलला आहे, विषय ऑफिस मॅनेजमेंट. प्रॅक्टिकलला ४० पालकांना फीच्या आठवणीची पत्रं मेल मर्जने (वर्डच्या एकाच पत्रात एक्सेलच्या यादीतली माहिती आपोआप भरून) काढायची आहेत. एक्सेलमध्ये १६/०६/२०२५ अशी नीट दिसणारी मुदत वर्डच्या पत्रात ६/१६/२०२५ होऊन बसते. सेलचा फॉरमॅट बदलला, यादी पुन्हा जोडली. ढिम्म फरक नाही. कॉलम टेक्स्ट केला तर तारखेप्रमाणे सॉर्ट होत नाही, आणि सर नेमकं तेच आधी बघतात! लॅबमध्ये ऑफिस २०१० आहे, कंट्रोल पॅनल लॉक, म्हणजे विंडोजची रीजन सेटिंग बदलता येणार नाही. आल्ट+एफ९ दाबलं की महिरपी कंसात मर्जफील्ड (यादीतली माहिती जिथे भरली जाते त्या जागेचा कोड) दिसतं, त्यातच तारखेचा फॉरमॅट घालायचा म्हणे. तो अवतरणचिन्हांसकट नेमका कसा लिहायचा, आणि महिन्याचा एम कॅपिटलच लागतो का?