मदत हवी आहे: वापरलेला छोटा ट्रॅक्टर घेताना ६४० तासांचा चकचकीत घ्यावा की २,१५० तासांचा मळका?

नमस्कार मंडळी,

दोन एकरांसाठी वापरलेला छोटा ट्रॅक्टर घ्यायचा आहे. दोन पाहून आले. दोन्ही मालकांनी शनिवारपर्यंत थांबायचं कबूल केलंय आणि माझा काही निर्णय होत नाही. जाणकारांनी कृपया वेळ काढून वाचा. जरा लांबलंय.

आजवर आमची सगळी मशागत बाबा पॉवर टिलरने करत आले. दिवसभर टिलरच्या मागे चालायचं आणि प्रत्येक वळणाला त्याचं वजन हातांवर घ्यायचं. आता गुडघे साथ देत नाहीत. डॉक्टरांनी टिलर बंद करायला सांगितलंय, पण शेतात जायचं बंद करायला बाबा तयार नाहीत आणि त्यांनी ते करावं असं मलाही वाटत नाही. म्हणून बसून चालवता येईल, चढायला-उतरायला सोपा असेल आणि कधी उलटलाच तर वरचा माणूस वाचेल, असा ट्रॅक्टर शोधतेय. नव्याचा विचार सध्या शक्य नाही.

दीड एकर फळबाग आहे. ओळींत अंतर ३ मीटर, पण फांद्या धरल्या तर मोकळी वाट जेमतेम २ मीटर. उरलेल्या अर्ध्या एकरात भाजीपाला. बागेचा एक कोपरा उतरता आहे. कामं म्हणजे रोटाव्हेटर, ओळींमधलं गवत कापणं आणि छोटी ट्रॉली. पुढे जमलं तर फवारणी पंप.

पहिला ट्रॅक्टर २२ एचपीचा, तीन सिलिंडर डिझेल, फोर व्हील ड्राइव्ह. मीटरवर ६४० तास. रंग नवा, सीट नवी, पुढचे टायर नवे. पाहताक्षणी बाबांना आवडला. मला मात्र काही गोष्टी खटकल्या. क्लचच्या पेडलवरचं रबर झिजून खालचं लोखंड गुळगुळीत झालंय. ड्रॉबारचं (मागे ट्रॉली जोडायच्या पट्टीचं) भोक गोल राहिलेलं नाही, लांबट झालंय. लोअर लिंकचे (अवजार उचलणाऱ्या मागच्या खालच्या दोन दांड्यांचे) गोळे हाताने हलवले तर खडखडतात. पीटीओ शाफ्टच्या (मागचं अवजार फिरवणाऱ्या दांड्याच्या) दात्यांना एका बाजूने धार आलीय. ६४० तासांत एवढं होतं का? ग्रीसच्या निपलांवरही रंग बसलेला होता, म्हणजे रंग दिल्यापासून तिथे ग्रीसगन लागलेलीच नाही. आणि आम्ही पोचलो तेव्हा इंजिन गरम होतं. मालक म्हणाले, आत्ताच गाडी काढून ठेवली तुमच्यासाठी. रोलबार (उलटल्यावर माणसाला वाचवणारा लोखंडी सांगाडा) नाही. क्लच सिंगल.

दुसरा २७ एचपीचा, हाही फोर व्हील, मीटरवर २,१५० तास. पहिल्यापासून एकच मालक. रंग उडालेला, बॉनेटला पोचे. पण त्यांच्याकडे एक वही आहे. किती तासांवर इंजिन ऑइल बदललं, फिल्टर कधी टाकला, फॅनबेल्ट कधी, सगळं एका हस्ताक्षरात, निरनिराळ्या पेनांनी. थंड इंजिन माझ्यासमोर चालू केलं. अर्धा मिनिट पांढरा धूर आला आणि नंतर गेला. क्लच डबल आहे, रोलबार आणि सीटबेल्ट दोन्ही आहेत. दोष दोन दिसले: पुढच्या डाव्या चाकाच्या हबमधून तेल पाझरतंय, आणि गिअर ऑइलची डिपस्टिक काढली तर तेल दुधट दिसलं. मालकांनी लपवलं नाही. म्हणाले, दोन पावसाळे उघड्यावर उभा होता.

या दुधट तेलानेच माझी झोप उडवली आहे. इंजिन ऑइलमध्ये पाणी दिसलं तर हेड गॅस्केट किंवा त्याहून मोठं काही असतं, एवढं माहीत आहे. पण गिअरबॉक्समधल्या पाण्याचा अर्थ काय? हायड्रॉलिक लिफ्टही त्याच तेलावर चालते ना?

शिवाय हे सांगा:

मीटर सोडून मशीनचं खरं वय कशावरून ओळखता?

पहिल्या ट्रॅक्टरला नंतर रोलबार बसवता येईल का? एक वेल्डर करून देतो म्हणाला.

सिंगल आणि डबल क्लचचा फरक आमच्या कामात कितपत जाणवेल?

आणि १.२ मीटरचा रोटाव्हेटर २२ एचपीला झेपेल का?

---

प्रतिसाद १

ताई, ट्रॅक्टर दुरुस्तीतच माझी उमेदीची वर्षं गेली आहेत, म्हणून मीटरपासून सुरुवात करतो. जुन्या ट्रॅक्टरांचं मीटर केबलवर चालतं. ते घड्याळाचे तास मोजत नाही, इंजिनचे फेरे मोजतं. ठरावीक आरपीएमला एक तास चालवलं की एक तास पडतो. निम्म्या आरपीएमला चालवलं तर तासाला अर्धाच. इलेक्ट्रॉनिक मीटर घड्याळासारखं पळतं, रेस कितीही असो. केबल तुटली तर मीटर जागच्या जागी थांबतं आणि ट्रॅक्टर पुढे वर्षानुवर्षं चालत राहतो. मीटर बदलूनही मिळतं. तेव्हा ६४० हा आकडा खोटाच असेल असं मी म्हणत नाही, पण पेडल, ड्रॉबार, लिंकचे गोळे आणि पीटीओचे दाते चौघेही एकच सांगत असतील तर मी त्यांचं ऐकेन.

दुधट गिअर ऑइलला घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. छोट्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांचं तेल बहुतेक वेळा एकच असतं. पाणी शिरतं ते गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरी बुटातून, किंवा उभ्या गाडीत हवेतल्या दमटपणाचं आत पाणी होतं. पाणी आहे यापेक्षा ते किती काळ होतं हे महत्त्वाचं. तपासायचं असं: ट्रॅक्टर रात्रभर हलवू नका. सकाळी चालू करण्याआधी खालचा ड्रेन प्लग हळूच सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि आधी तेच येतं. किती येतं ते बाटलीत धरा. प्लगला चुंबक असेल तर पुसून बघा. बारीक राखाडी लेप असला तर ती नेहमीची झीज. चकत्या किंवा दातांचे तुकडे निघाले तर तिथूनच परत या. बेअरिंगवर गंज चढला असेल तर वरच्या गिअरमध्ये गाडी घरघरते, तेही ऐका.

लिफ्टही बघाच. मागे एखादं जड अवजार लावा, पूर्ण वर उचला, इंजिन बंद करा आणि जमिनीपासूनची उंची टेपने मोजा. काही मिनिटांतच खाली बसायला लागलं तर सिलिंडरचं सील किंवा व्हॉल्व्ह गेलाय.

क्लचसाठी: मोकळी जागा बघून वरचा गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबा, रेस कमी ठेवा आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन गुदमरून बंद पडायला हवं. बंद न पडता फिरत राहिलं तर प्लेट घसरतेय. क्लच बदलायला ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन भाग करावे लागतात, त्यात प्लेटपेक्षा मजुरी मोठी. ही परीक्षा एकदाच करा, पुन्हा पुन्हा नको.

आणि पहिल्याचं इंजिन गरम होतं ना? न सांगता भल्या पहाटे जा. जाताच चालू करायच्या आधी इंजिनवर हात ठेवा. थंड असताना तो कसा उठतो तेच बघायचं असतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. कधी कधी नुसता चोंदलेला एअर फिल्टर असतो. चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा, तिथून धूर भकाभका येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात.

---

प्रतिसाद २

माझीही बागच आहे, तेव्हा क्लच आणि रोलबारबद्दल लिहितो.

सिंगल क्लचमध्ये पेडल दाबलं की चाकं आणि पीटीओ दोन्ही एकदम सुटतात. रोटाव्हेटरला फारसं अडत नाही, कारण माती त्याला लगेच थांबवते. गवत कापायच्या स्लॅशरचं तसं नाही. त्याचं जड पातं वेगात फिरत असतं. ओळीच्या टोकाला तुम्ही क्लच दाबला तरी पात्याचा जोर पीटीओमधून उलटा गिअरबॉक्समध्ये येतो आणि ट्रॅक्टर पुढे ढकलतो. माझा एकदा असाच कुंपणात गेला. मी पाय पूर्ण दाबून बसलो होतो आणि ट्रॅक्टर चालतच होता. पीटीओवर ओव्हररनिंग कपलिंग बसवलं तर हा उलटा जोर तुटतो, आणि सिंगल क्लचवर स्लॅशर लावणाऱ्याने ते बसवावंच. डबल क्लचमध्ये पेडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात आणि पीटीओ चालू राहतो. दाट गवतात थांबून कापता येतं, गिअर बदलता येतो. बाबांच्या गुडघ्यांसाठी हे लहान सुख नाही. फक्त पेडल किती जड आहे ते त्यांना स्वतः दाबून बघू द्या.

रोलबार वेल्डरकडून करून घेऊ नका, ही हात जोडून विनंती. तो नुसता वाकवलेला पाइप नसतो. त्या मॉडेलच्या वजनाला तपासलेला आणि नेमक्या जागी, नेमक्या बोल्टने बसवलेला असतो. घरगुती सांगाडा ऐन वेळी दुमडतो. त्या मॉडेलसाठी कंपनीचा रोलबार मिळत असेल तरच पहिल्याचा विचार करा. सीटबेल्ट रोलबारबरोबरच लावायचा असतो, त्याशिवाय माणूस बाहेर फेकला जाऊन त्याच सांगाड्याखाली येतो. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक सांगाडा सक्तीचा केला, आणि तिथले उलटण्यातले मृत्यू पुढच्या काळात खूप घटले. ट्रॅक्टर मागच्या बाजूला उलटतो तेव्हा सावरायला एक सेकंदही मिळत नाही. ओढायचं काहीही असो, ते ड्रॉबारलाच बांधा. टॉप लिंकला (अवजाराच्या वरच्या दांडीला) किंवा सीटखाली कुठेही कधीच नको.

रोटाव्हेटरचं म्हणाल तर एचपी इंजिनची लिहिलेली असते, पीटीओपर्यंत त्याहून कमी पोचते. हलक्या मातीत, कमी खोलीवर २२ एचपी १.२ मीटर ओढेलही, पण कडक जमिनीत दमेल. रुंदी निवडताना मागच्या चाकांची बाहेरून बाहेर रुंदी मोजा. रोटाव्हेटर त्याहून अरुंद असला तर चाकाचा माग तसाच राहतो. पिनही बघून घ्या, अवजार जोडायच्या मापाला कॅटेगरी म्हणतात: कॅटेगरी १ ची लोअर लिंकची पिन २२ मिमी आणि टॉप लिंकची १९ मिमी असते. लहानात लहान ट्रॅक्टरांना कॅटेगरी ० येते, आणि त्यांना आजूबाजूची अवजारं बसत नाहीत.

---

प्रतिसाद १ (पुन्हा)

एक राहिलं. पहिल्याचे पुढचे टायर नवे आहेत म्हणालात. त्यांचं माप मॅन्युअलमधल्या मापाशी जुळवून बघा. फोर व्हीलमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरावीत असं गिअरचं गणित असतं. चुकीच्या मापाचे टायर घातले तर चाकं एकमेकांशी भांडतात आणि पुढच्या ॲक्सलचे दाते त्यात जातात. कठीण रस्त्यावर चालवल्यावर फोर व्हीलचा लिव्हर सुटता सुटत नसेल तर हेही एक कारण असू शकतं.

---

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल पहाटे सांगितल्याप्रमाणे दोन्हीकडे जाऊन आलो.

पहिल्याचं इंजिन थंड होतं. चौथ्या प्रयत्नात उठलं, आणि निळा धूर पाच मिनिटांनीही गेला नाही. पुढच्या टायरचं माप मॅन्युअलपेक्षा लहान निघालं. बाबा काही बोलले नाहीत, स्वतःच परत येऊन गाडीत बसले.

दुसऱ्याचा ड्रेन प्लग मालकांनीच सैल केला. आधी पाऊण ग्लासभर पाणी आलं, मग तेल. प्लगला राखाडी लेप होता, तुकडा एकही नाही. गिअर लिव्हरचा बूट खालच्या बाजूने फाटलेला सापडला. रोटाव्हेटर वर उचलून इंजिन बंद केलं, वीस मिनिटांत दोन बोटंही खाली आला नाही. क्लच दाबायला बाबांना थोडा जड वाटला, पण सीट एक खाच पुढे घेतल्यावर म्हणाले, जमेल.

तर दुसराच घेतोय. बूट बदलून, तेल पूर्ण काढून, थोडे तास चालवून पुन्हा एकदा तेल आणि फिल्टर बदलायचं ठरवलंय. आता फक्त हब उरला. डाव्या चाकाचं सील बदलताना बेअरिंगही त्याच वेळी बदलून टाकावं, की आधी चाक उचलून हलवून बघितलं तर पुरे?